लिंकच्या आड येणाऱ्या सूर्यनारायणास

प्रति,
श्री. सूर्यनारायण,
सात घोड्यांचा रथ, क्रांतिवृत्त.

विषय : मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांत भर दुपारी उपग्रहाच्या मागे जाऊन उभे राहण्याबाबत.

सा. न. वि. वि.

पत्र नागपूरहून आलंय म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आला उन्हाळ्याचा अर्ज. तसं काही नाही. त्या खात्यावर आपलं देणंघेणं केव्हाच मिटलंय. एप्रिलात कूलरला नवा वाळा लावायचा, दुपारी बारा ते चार खिडक्या बंद ठेवायच्या, खिशात कांदा टाकून बाहेर पडायचं आणि नवतपाचे नऊ दिवस दात-ओठ खाऊन काढायचे. पंचेचाळीस अंशांची तक्रार करणारा माणूस नागपूरचा नसतोच. तो पुण्याहून बदलीवर आलेला असतो.

माझी तक्रार अरबी समुद्रातली आहे. नागपूरकराला समुद्राचं काय पडलंय, असं म्हणून फाइल परत पाठवू नका. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय याच शहरात आहे. मुंबईहून निघणारी गेलची वायुवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेकडेने नागपूरकडे येते आणि पुढे झारसुगुड्याकडे जाते. शिवाय आमच्या गल्लीतला एक मुलगा चौदा दिवस मुंबई हायवर असतो आणि चौदा दिवस घरी. चौदा दिवस घरी असतो तेव्हा तो झोपतो. चौदा दिवस तिकडे असतो तेव्हा त्याची आई झोपत नाही. हा झाला माझा अधिकार. आता गुन्ह्याकडे वळू.

मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत. १९७४ साली ‘सागर सम्राट’ रिगने तिथे तेल शोधलं, त्यानंतर माणसं तिथल्या लोखंडी मचाणांवर राहतात, जेवतात, भांडतात आणि तेल काढतात. किनाऱ्यावरच्या मोबाइल टॉवरचा सिग्नल तिथवर पोचत नाही. मग घराशी आणि ऑफिसशी बोलायला आकाशाचा वळसा घ्यावा लागतो. डिश वर तोंड करून विषुववृत्तावरच्या भूस्थिर उपग्रहाकडे पाहते. तो ३५,७८६ किलोमीटरवर एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो, कारण पृथ्वीच्याच वेगाने फिरतो. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि त्याचं उत्तर यायला आणखी पाव. एवढ्याशा अर्ध्या सेकंदाने आमच्या गल्लीतल्या माउलीचं संभाषण पार बिघडवून टाकलंय. ती विचारते, ‘जेवला का?’ उत्तर येत नाही म्हणून पुन्हा विचारते, तेवढ्यात पहिल्याचं उत्तर येतं, मग दोघं एकदम बोलतात आणि मग दोघं एकदम गप्प बसतात. पण हे तुमच्या नावावर घालत नाही. प्रकाशाचा वेग तुम्ही ठरवलेला नाही, हे मला मान्य आहे.

या दुव्यावरून काय काय जातं, याची तुम्हाला कल्पना नसणार. सकाळचा रिपोर्ट जातो, विहिरीतला दाब जातो, हेलिकॉप्टरमध्ये आज कोण बसणार त्यांची यादी येते. कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला याच वाटेने येतो. आसाम-राजस्थानातल्या आडरानातल्या विहिरी असोत की भर समुद्रातलं जहाज, जिथे केबल पोचत नाही तिथे शेवटी ही डिशच असते. तिला मधूनमधून पाऊस छळतो, विशेषतः केयू बँडच्या लहरींवर चालणारीला. थेंब लहरी पिऊन टाकतात. तो गुन्हा वरुणराजाचा आहे. त्यांना वेगळं पत्र लिहीन, तूर्त तुमचंच प्रकरण पुरे.

दर वर्षी विषुवदिनाच्या आगेमागे तुम्ही बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येऊन उभे राहता. मुंबईच्या अक्षांशावर ही तारीख २१ मार्च नसते. आम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे आमच्या डोळ्यांना उपग्रह किंचित दक्षिणेला सरकलेला दिसतो. तुम्ही ती जागा गाठता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परतीच्या वाटेवर ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आपल्या बऱ्याच उपग्रहांच्या बाबतीत वेळ असते दुपारी बाराच्या आसपासची. तुम्ही नुसता प्रकाश देत नाही, रेडिओलहरींचा कोलाहलही देता. उपग्रहाचा बिचारा बारीकसा आवाज त्यात कुठल्या कुठे हरवतो. समोरून ट्रकचा हेडलाइट डोळ्यावर आल्यावर शेजारची उदबत्ती दिसावी तरी कशी? उपग्रह ठणठणीत असतो, डिश ठणठणीत असते आणि स्क्रीनवर मात्र ‘लिंक डाऊन’. मोठी डिश बारीक नजरेने पाहते, म्हणून तिची सुटका लवकर होते. छोट्या डिशची नजर पसरट, तिचे हाल जास्त मिनिटं आणि जास्त दिवस. मोठ्यांना सवलत आणि लहानांना वेठ, हा न्याय तुमच्याकडेही आहे म्हणायचा!

एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही. त्याच दिवसांत मध्यरात्री तुम्ही बरोबर उलट करता. पृथ्वीला मध्ये घालून उपग्रहापासून तोंड लपवता. रोज जास्तीत जास्त सत्तरएक मिनिटं त्याला तुमचं ऊन मिळत नाही आणि तो बॅटरीवर दिवस, म्हणजे रात्र, काढतो. दुपारी डोळ्यात घुसायचं आणि रात्री उसनी भाकरही काढून घ्यायची!

बरं, हे नियमित गुन्हे झाले. अधूनमधून येणारा तुमचा राग वेगळा. तुमच्या डागांवरून ज्वाळा सुटली की आठ मिनिटांत ती इथे पोचते आणि दिवसाच्या बाजूला एचएफ रेडिओ बंद पडतो, म्हणजे सॅटेलाइटला पर्याय म्हणून ठेवलेली जुनी वाटही तुम्हीच अडवता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तुमच्या एका साध्यासुध्या वादळाने वातावरण जरा फुगलं आणि स्टारलिंकने नुकतेच सोडलेले ४९ पैकी जवळपास ४० उपग्रह घसरून जळाले. १० मे २०२४ च्या वादळात लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं आणि लोकांनी तुमचं कौतुक करत फोटो काढले. त्याच वेळी जमिनीखालच्या लांबलचक लोखंडी पाइपलाइनींमध्ये तुम्ही चोरटा विद्युतप्रवाह सोडता. गंज लागू नये म्हणून त्यांना जे बारीक व्होल्टेज दिलेलं असतं, त्याचं गणित बिघडतं, ते कुणी फोटोत पाहिलं नाही. म्हणून तर आम्ही तुमच्यावर पाळत ठेवली आहे. आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये निघालं, ६ जानेवारी २०२४ ला पोचलं आणि पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून तुमच्याकडे टक लावून बसलंय. घराबाहेर हवालदार उभा असतानाही तुम्ही मे महिन्यात तो तमाशा केला, याची नोंद घ्यावी.

इथवर लिहून झाल्यावर मला एका गोष्टीचं कौतुक वाटायला लागलं आणि त्याने माझा सगळा आवेश थंड झाला. तुम्ही वर्दी देऊन येता. उपग्रहाच्या प्रत्येक जागेसाठी, डिशच्या प्रत्येक आकारासाठी, प्रत्येक गावासाठी तुमच्या येण्याजाण्याची वेळ मिनिटासकट आधी काढता येते. तेलकंपन्यांनाच नव्हे, शेअर बाजारालाही ती वेळ पाठ होती. बाजाराचे सौदे व्हीसॅटवरून, म्हणजे अशाच छोट्या डिशवरून, चालत, त्या काळात तुमच्यासाठी मधली सुट्टी जाहीर व्हायची आणि तेवढा वेळ संध्याकाळी भरून काढला जायचा. दलाल स्ट्रीटने पैशासाठी सोडून आणखी कुणासाठी घड्याळ बदललं असेल, तर ते तुमच्यासाठी. रिगवरही तेच. तुमच्या मिनिटांचं परिपत्रक आधी निघतं, ते नोटीसबोर्डावर लागतं, रिपोर्ट आधी पाठवला जातो, महत्त्वाचा कॉल पुढे ढकलला जातो आणि रेडिओरूममधला माणूस चहाला जातो. तो परत येईपर्यंत तुम्ही पुढे सरकलेले असता. तुमच्या इशाऱ्याला आमच्याकडे एवढा मान!

आणि ज्यांचा इशारा तुमच्याइतका पाळला गेला नाही, त्यांच्याबद्दल तुमच्याशीच बोलावं लागतंय, कारण ऐकणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रात वर चढत होतं आणि हवामान खातं काही दिवस आधीपासून बुलेटिनवर बुलेटिन काढत होतं. वादळ उपग्रहाच्या चित्रांत स्पष्ट दिसत होतं. ना पावसाचा अडथळा होता, ना तुमचा. चित्र खाली आलं, बुलेटिन पोचलं. बऱ्याच बोटी किनाऱ्याला गेल्या. ओएनजीसीच्या कामावर असलेलं पी-३०५ हे बार्ज हीरा तेलक्षेत्रातच थांबलं. प्लॅटफॉर्मपासून २०० मीटर सरकलं, इतकंच. वादळात नांगर सुटले, बार्ज वाहत गेलं आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडालं. त्यावर २६१ माणसं होती. सत्तरहून अधिक मेली. वरप्रदा नावाची टग बोटही बुडाली. नौदल आणि तटरक्षक दलाने त्या लाटांमधून जमेल तितक्यांना ओढून काढलं. नंतर पेट्रोलियम मंत्रालयाने चौकशी समिती नेमली. समित्या वादळानंतर वेळेवर येतात.

लिंक काही मिनिटं बंद पडणार म्हणून ज्या उद्योगात वर्षाचं वेळापत्रक बनतं, त्याच उद्योगात लिंकवरून आलेलं वादळ वाचून कुणीतरी ‘बघू, वारं एवढं नसेल’ म्हणतं. ते कोण, हे मला ठाऊक आहे असा दावा नाही. बार्ज, कंत्राटदार, कंपनी, या सगळ्यांनी नंतर एकमेकांकडे बोट दाखवलंच. पण डिश मोठी केली, बँड बदलला, दुसऱ्या उपग्रहाची राखीव वाट घेतली, की दूरसंचाराचा प्रश्न सुटला, असं टेंडरच्या भाषेत लिहिणाऱ्यांनी एकदा सांगावं की त्या रात्री नेमका कोणता बँड कमी पडला होता. खाली वसलेल्या कक्षेतल्या नव्या उपग्रहांच्या थव्यांचे ब्रोशर मी वाचले. त्यांना तुमची बाधा फार होत नाही, कारण एक उपग्रह तुमच्या आड आला की डिश दुसऱ्याकडे वळते. आवाजही झटकन पोचतो. आई-मुलाचं ते एकदम बोलणं आणि एकदम गप्प बसणं संपेल. फार बरं होईल. बुलेटिनही झटकन पोचेल. वाचणारा मात्र जुन्याच कक्षेत असेल.

तेव्हा सूर्यनारायण, तुमच्यावरचा खटला चालवायला मला आता लाज वाटते, पण विषय लिहून टाकलाय म्हणून मागणी करतो. येत्या ऑक्टोबरात आपण ठरल्या वेळी यावं, ठरल्या वेळी जावं आणि जाताना एक काम करावं. परिपत्रक काढणाऱ्या त्या बाबूंना विचारावं, तुमच्या काही मिनिटांच्या कागदावर जी सही होते, तीच सही वादळाच्या कागदावर व्हायला किती दिवस लागतात. वर्ग एक की वर्ग दोन, कुणाची लागते, तेही विचारावं. आमच्या गल्लीतल्या मुलाची पुढची पाळी मे महिन्यात आहे.

कळावे, लोभ असावा. विशेषतः मे महिन्यात तो थोडा कमी असला तरी चालेल.

आपला,
एक नागपूरकर

ता. क. : ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तुमच्या नावावर तब्बल ५६ अंश लावले होते. देशभर बातमी झाली. हवामान खात्याने लगेच खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. आकडा यंत्रातून बाहेर वेळेवर पोचला होता, वाटेत कुठे अडला नव्हता. फक्त तो खरा नव्हता. तेवढा एक आरोप तुमच्यावरून काढून टाकतो.