भूकंप ऑप्शनला

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये सगळ्यात शेवटचा धडा आपत्ती व्यवस्थापनाचा आहे. शेवटच्या धड्याचं नशीब मराठी घरांना ठाऊक असतंच. तो येईपर्यंत सराव परीक्षा डोक्यावर आलेली असते, बाई म्हणतात 'घरी वाचून घ्या', आणि मुलं तो सरळ ऑप्शनला टाकतात. १९६७ साली कोयना आणि १९९३ साली किल्लारी पाहिलेल्या राज्यात भूकंपाबद्दल उरलेला प्रश्न एवढाच, 'किती मार्कांना आहे?'

जपानमधल्या कोबे शहरात मात्र याच विषयाची अख्खी शाखा घेता येते. तिथल्या माइको हायस्कूलमध्ये २००२ साली पर्यावरण आणि आपत्ती-निवारण अशी स्वतंत्र शाखा निघाली. जपानमधली ही अशी पहिलीच. सायन्स की कॉमर्स या सनातन वादात असं तिसरंच उत्तर कुणी दिलं, तर आपल्याकडे मामा-काका आधी विचारतील, 'पण याला स्कोप काय?' कोबेत हे कुणाला सांगावं लागत नसावं. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जमीन हलली आणि त्या आपत्तीत ६,४३४ माणसं गेली. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. कोबेने खणली ती तहान लागल्यावरच, पण तहान भागल्यावर बुजवली नाही. आपलं घोडं नेमकं तिथेच अडतं.

या मुलांना प्रयोगशाळा शोधायला लांब जावं लागत नाही. माइकोच्या किनाऱ्यावरून अकाशी सामुद्रधुनीवरचा झुलता पूल निघतो. त्याच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर कागदावर १,९९० मीटर होतं. काम चालू असतानाच भूकंप झाला, जमिनीबरोबर मनोरेही सरकले, आणि १९९८ साली पूल खुला झाला तो १,९९१ मीटरचा! सगळी गणितं बरोबर असूनही उत्तर मीटरभर चुकू शकतं, हे शिकवायला याहून मोठा फळा कुठून आणणार? आपल्याकडे पूल मीटरभर वाढला असता, तर आधी बिल वाढलं असतं.

जपानी मुलांना शिकवतात त्यातल्या काही गोष्टी इतक्या साध्या असतात, की त्यांना विज्ञान म्हणायला आपली जीभ रेटत नाही. भूकंपानंतर अंधारात पलंगापासून दारापर्यंत फुटक्या काचा पसरलेल्या असतात. म्हणून वर्तमानपत्राच्या घड्या घालून सपाता करायच्या. नळाला पाणी नसतं, म्हणून ताटलीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून त्यावर जेवायचं. जेवण झालं की कागद फेकायचा, ताटली कोरडीच. आपल्या पत्रावळीची ही धाकटी जपानी बहीणच.

हाताने करायचा विषय आपल्याकडेही होता, कार्यानुभव. खडू, मेणबत्त्या, कागदी फुलं. वस्तू आदल्या रात्री घरी तयार व्हायच्या; अनुभव मुलाचा, कार्य आईचं. गणिताच्या सरांना जादा तास हवा असला की पहिला बळी याच तासाचा. अपवाद नाहीत असं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, आणि तिथे मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती करता करता शास्त्र शिकू लागली. पण पाबळ एकच, आणि क्लासेस गल्लोगल्ली.

१९९५ ची आणखी एक गोष्ट आहे, तिला मात्र कुठलाच क्लास लागत नाही. कोबेसमोरच्या आवाजी बेटावर होकुदान नावाचं गाव होतं. तिथे ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सुमारे ३०० जणांना गावकऱ्यांनी आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाने त्याच दिवशी बाहेर काढलं. कसं? कुठल्या घरात कोण राहतं, आजोबा कोणत्या खोलीत झोपतात, हे सगळ्यांना पाठ होतं. नेमकं तिथेच उकरलं.

हे वाचल्यापासून आमच्या वाड्यांतल्या, चाळींतल्या चौकस काकूंबद्दलचं माझं मत साफ बदललं आहे. कुणाकडे पाहुणा आला, तो किती दिवस राहणार, बाहेरच्या खोलीत झोपतो की आत, याची बित्तंबातमी ठेवणाऱ्या त्या बायकांना आपण भोचक म्हणत आलो. प्रत्यक्षात त्या बिनपगारी आपत्ती-निवारण खातं चालवत होत्या. आता फ्लॅटमध्ये समोरच्या दारावरची पाटीसुद्धा कुणी वाचत नाही. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी यापुढे जिन्यात अडवून चौकशी केली, तर कपाळाला आठ्या न घालता सगळं सांगून टाकावं. कोण कुठल्या भिंतीकडे डोकं करून झोपतं, तेही.