रांगेचा भाव

ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं तेव्हा खेळागणिक कुपनं विकली जात. आता विकली जाते ती रांगेतून सुटका. १९९९ साली आलेला फास्टपास फुकट होता. २०२१ पासून त्याच सोयीला पैसे पडू लागले, आणि मार्च-एप्रिलात शाळांना स्प्रिंग ब्रेक लागला की भाव चढतो. गर्दी आवरायला दर वाढवावेच लागतात, हा युक्तिवाद खोटा नाही. पण गर्दी खरंच हटली तर सुटका विकत घेणार कोण? सुट्टी मुलांसाठी असते, हेही मान्य. मात्र आठवडाभर आधी, सकाळी सातच्या ठोक्याला फोनवर रांगा आरक्षित करणारे वडील रजेवर आहेत की ड्युटीवर, एवढं कुणीतरी ठरवावं. आणि प्रत्यक्ष सुट्टीत मुलं हॉटेलच्या तरणतलावातून बाहेर यायला तयार नसतात.