शंभर रुग्णांचा प्रबंध

एमडी किंवा एमएस होऊ पाहणाऱ्या निवासी डॉक्टरने तीन वर्षांत रुग्ण तपासावेत, रात्रपाळ्या कराव्यात, वेळप्रसंगी रक्ताचे नमुने स्वतः प्रयोगशाळेत पोचवावेत आणि उरलेल्या वेळात संशोधक व्हावे, अशी योजना आहे. उरलेला वेळ नेमका कोणता, याबाबत नियमावली मौन पाळते. प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी सादर झालाच पाहिजे, याबाबत मात्र ती अगदी स्पष्ट आहे.

प्रशिक्षणाची सोय आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम २०१९ मध्ये सक्तीचा झाला. अभ्यासक्रम चांगला आहे. फक्त त्यातली व्याख्याने रात्री दोनला, लेबर रूमबाहेरच्या बाकावर, दीडपट वेगाने ऐकली जातात. मध्येच ‘मॅडम, सात नंबरचं बीपी बघा!’ अशी हाक येते आणि ‘बायस’ हा धडा अर्धा राहतो तो कायमचाच.

पुढचा टप्पा नमुन्याच्या आकाराचा. पुस्तकात आधी प्रश्न, मग सूत्र, मग संख्या. वॉर्डात सगळे उलटे. दीड वर्षात रुग्ण किती मिळतील? फार तर शंभर. मग शंभर उत्तर येईल असे गणित मांडायचे. सूत्र सोपे आहे : चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आजाराचे प्रमाण पन्नास टक्के धरावे, शंभरातून उरलेला क्यूही मग पन्नासच, आणि एल म्हणून दहा टक्के चूक चालवून घ्यावी, की नेमके १०० येतात. आजार मधुमेह असो वा मणक्याचा क्षयरोग, निम्म्या जनतेला तो झालेलाच असतो! पीएसएम म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाला हे सारे ठाऊक असते. तो सही करतो.

मग नैतिकता समिती. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आज समितीने त्यांना तीन भाषांतले संमतिपत्र आणायला सांगून पुढची तारीख दिली असती. ते योग्यही आहे. प्रत्येक संशोधक सुई स्वतःकडेच वळवेल याची खात्री नसते.

राहता राहिला गाइड. तो ओटीच्या दारात मास्क बांधता बांधता भेटतो आणि ‘ठेव टेबलावर, बघतो’ म्हणतो. टेबलावर आधीच तिघांचे प्रबंध असतात. तोवर मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्यात, लिंगाच्या रकान्यात कुठे ‘एम’, कुठे ‘मेल’, कुठे ‘पुरुष’ आणि एके ठिकाणी ‘६२’ असे भरले जाते. संगणक निमूटपणे त्यातून चार लिंगे काढतो. परीक्षेच्या तोंडावर हे कोणाच्या तरी लक्षात येते.

गाइडवाचूनही संशोधन होते, असे म्हणणारे डॉ. हिंमतराव बावस्करांचा दाखला देतात. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्या ‘लॅन्सेट’मध्ये आल्या, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने कोकणात कितीतरी जीव वाचवले. दाखला खरा आहे. पण बावस्करांना प्रश्न रुग्णाने घातला होता. निवासी डॉक्टरला तो मागच्या बॅचच्या प्रबंधातून मिळतो, फक्त वर्ष बदलून.

आठवड्यातून अर्धा तास निवासी डॉक्टरला शेजारी बसवून मास्टर चार्ट बघणारे शिक्षकही असतात, आणि ते कोण हे सगळ्या हॉस्टेलला माहीत असते. तेव्हा प्रवेश घेणाऱ्याने स्टायपेंड विचारावा, मेस विचारावी आणि सीनियरला हेही विचारावे, की सर चार्ट उघडून बघतात का.