चाकांवरचं घर, तव्यावरचं शहर

जून महिन्यात अ‍ॅरिझोनातलं फिनिक्स बघायचं, आणि तेही आरव्ही भाड्याने घेऊन, ही कल्पना आमच्या साडूंची. साडू लॉस एंजलिसजवळ राहतात. आम्ही चंद्रपूरकर. आमच्याकडे पारा ४७ ला गेला की माणूस डोक्यावर ओला पंचा टाकून कूलरसमोर बसतो आणि चिखलदऱ्याची स्वप्नं बघतो. साडूंच्या मते हे मागासपण झालं. प्रगत माणूस उन्हाळ्यात उन्हाकडे जातो, फक्त एसी बरोबर नेतो.

आरव्ही म्हणजे पलंग, शेगडी, फ्रिज, सोफा आणि संडास यांना एकदम चाकं लावलेली. घरापासून लांब जायचं, म्हणून अख्खं घरच सोबत घ्यायचं. "मग घरीच का नाही बसायचं?" असं आमच्या सौ.नी विचारलं, तर मेहुणीला राग आला. प्रश्न बरोबर असला की तिला येतो. ही गाडी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर चालते. साधारण तेवढ्याच इंधनात आपली एसटी पन्नास माणसं, दोन कोंबड्या आणि एक कंडक्टर नेते. इथे आम्ही चौघं आणि मायक्रोवेव्ह.

छतावरच्या एसीबद्दल जाणकार सांगतात की तो आतली हवा बाहेरच्यापेक्षा फार तर अकरा-बारा अंशांनी उतरवू शकतो. बाहेर ४६ तर आत ३५. चंद्रपुरात याला मार्च म्हणतात. अमेरिकेत याला सुट्टी म्हणतात.

वाटेत लेक हवासू सिटीला लंडन ब्रिज पाहिला. हो, लंडनचाच. १९६८ साली रॉबर्ट मॅककलॉक नावाच्या उद्योगपतीने तो २४ लाख ६० हजार डॉलरला विकत घेतला, दगडांवर नंबर टाकून समुद्रापार आणला आणि कोरड्या जमिनीवर उभा केला. मग त्याच्याखाली खणून पाणी सोडलं. आपल्याकडेही पूल आधी होतो आणि जोडरस्ता नंतर शोधतात. पण नदीच नंतर शोधायची, एवढी मजल आपल्या बांधकाम खात्याने अजून मारलेली नाही. याच गृहस्थाने फिनिक्सजवळ फाउंटन हिल्सला ५६० फूट उंच उडणारं कारंजं बसवलं. गिऱ्हाइकांना वाळवंटातले प्लॉट विकायचे तर वाळवंट दिसता कामा नये, हे त्याला कळलं होतं.

फिनिक्सने हेच धोरण पुढे नेलं आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्यातून, पंपांनी वर चढवत चढवत आणायचं आणि त्यावर गोल्फची हिरवळ पोसायची. नदी आटत चालली म्हणून राज्याच्या वाट्याला कपात लागली आहे. चेंडू मात्र हिरवळीवरच घरंगळतो. मराठवाड्यात टँकरमागे धावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची माझी तयारी नाही. ज्यांच्याकडे ऊस आहे, त्यांना लगेच समजेल.

बघण्यासारखं काय? कॅमलबॅक डोंगर. अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी त्याची वाट सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत बंद. ऐन ऑफिसच्या वेळेत बंद, म्हणजे अगदी सरकारी डोंगर. मग फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुशिल्पीचं टॅलिएसिन वेस्ट. वाळवंटाशी एकरूप झालेली वास्तू म्हणून जग तिला नावाजतं. राइटसाहेबांनी ती हिवाळ्यापुरती बांधली होती. उन्हाळा आला की शिष्यांसकट विस्कॉन्सिनला पळायचे. इतका समंजस वास्तुशिल्पी माझ्या पाहण्यात नाही. शेवटी सहुआरो निवडुंग. याला पहिला हात फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. २०२३ च्या उन्हाळ्यात तेही कोसळू लागले.

त्या वर्षी इथे सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता, म्हणजे आपले ४३. आणि २६ जून १९९० ला तो १२२ ला, म्हणजे ५० सेल्सिअसला टेकला होता. साडूंनी हे अशा थाटात सांगितलं, जणू त्यांनीच टेकवला. माझा चंद्रपुरी अभिमान जागच्या जागी वितळला. इथे फुटपाथवर पडलेला माणूस मोडला की नाही ते नंतर बघतात. आधी भाजला किती ते बघतात.

२०२३ मध्येच फिनिक्सच्या या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यातली बरीच माणसं बेघर होती. काही आपल्या घरातच गेली, कुणाचा एसी बंद पडलेला, कुणाचा बिलापायी बंद ठेवलेला. आमच्या आरव्ही पार्कात ही माहिती पत्रकावर नव्हती. हिवाळ्यात हा पार्क कॅनडा आणि उत्तरेकडच्या निवृत्त जोडप्यांनी गच्च भरतो. मार्च सरला की ती थंडीच्या मागोमाग परत जातात. जूनमध्ये उरतात ती, ज्यांना दुसरं घर नाही अशी माणसं. आणि आम्ही. शेजारच्या गाडीतले आजोबा बारा महिने तिथेच राहतात. खिडक्यांना आतून चांदीचा कागद चिकटवलेला. साडूंनी त्यांना हौसेने विचारलं, "तुमची ट्रिप किती दिवसांची?" आजोबांनी उत्तर दिलं नाही. गाडीत गेले आणि दार लावून घेतलं, आतली गार हवा वाया जात होती.

निघण्याआधी मैल्याची टाकी रिकामी करायची असते. घरी नळाचा वायसर बदलायला माणूस बोलावणारे आमचे साडू हातमोजे चढवून जाडजूड पाइप जोडत होते आणि मेहुणी त्याचा व्हिडिओ काढत होती. चंद्रपूरच्या घरी हेच काम करायला येणाऱ्याला चहा वेगळ्या कपात मिळतो.

पुढच्या जुलैत डेथ व्हॅली ठरली आहे. तिथे थर्मामीटरशेजारी उभं राहून फोटो काढायला लोक लांबून येतात. अडचण एवढीच की आरव्ही भाड्याने देणाऱ्या काही कंपन्या उन्हाळ्यात तिथे गाडी नेऊ देत नाहीत. इंजिनाला झेपत नाही म्हणे. माणसांबद्दल करारात काहीच अट नाही, याची साडूंनी दोनदा वाचून खात्री करून घेतली, आणि आता ते स्वतःची आरव्ही विकत घ्यायच्या विचारात आहेत.