अगोचर

मी सात-आठ वर्षांचा असताना आजीचं किल्लीचं घड्याळ सुरीनं उघडलं. आतली स्प्रिंग सुटली ती थेट ताकाच्या पातेल्यात. आजी ओरडली, "अगोचर मेलं! नको तिथं हात!"

त्याच संध्याकाळी ती मला देवळात कीर्तनाला घेऊन गेली. बुवा डोळे मिटून सांगत होते, परमेश्वर अगोचर आहे. मी दचकलो. त्यानं कुणाचं घड्याळ उघडलं?

पुढे शाळेत संस्कृत आलं, तेव्हा उलगडा झाला. गो म्हणजे गाय, आणि गो म्हणजे इंद्रियसुद्धा. गाई चरतात ते गोचर, आपलं गायरान. इंद्रियं जिथवर चरतात तेही गोचर. त्यापलीकडचं ते अगोचर, म्हणून परब्रह्म अगोचर. एवढा भारदस्त शब्द मराठी स्वयंपाकघरात येऊन ताकात कसा पडला, देव जाणे. माझा आपला तर्क असा, की आखून दिलेलं कुरण सोडून भलतीकडे तोंड घालणारं वासरू ते अगोचर. व्युत्पत्तीचे जाणकार हसतील, हसोत.

शब्द मात्र नेमका आहे. आगाऊ पोर मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतं (आगाऊ रक्कम तेवढी सगळ्यांना चालते). वात्रट पोर तोंडानं खोड्या काढतं. आचरटाला पोच नसतो. अगोचराचं सगळं हातात. त्याच्या मनात वाईट काही नसतं. आत काय आहे, एवढंच त्याला बघायचं असतं. वय वाढलं म्हणून हे सुटतंच असं नाही. मागच्या महिन्यात मी मिक्सर 'दुरुस्त' केला, तेव्हा बायकोनं शांतपणे विचारलं, "हा अगोचरपणा करायला कुणी सांगितलं होतं?" टेबलावर तीन स्क्रू उरले होते. मिक्सर त्यांच्याशिवायही फिरत होता, जरा नाचत होता इतकंच.

परवा नातवानं माझ्या फोनची भाषा बदलून ठेवली. कुठली, ते कळेना. अक्षरं जिलब्यांसारखी दिसत होती. "अगोचर आहेस अगदी!" मी म्हणालो.

"म्हणजे काय, आजोबा?"

मला हुरूप आला. चष्मा पुसला, घसा खाकरला. "हे बघ, गो म्हणजे इंद्रिय. इंद्रियांना जे दिसत नाही, सापडत नाही..."

मान वर केली, तर समोर कुणीच नव्हतं. फोनही नव्हता.