ॲनफिल्डचे घरमालक

लिव्हरपूलमध्ये लाल विटांच्या दुमजली घरांची रांग संपते आणि गल्लीच्या टोकाला 61,000 माणसांचं ॲनफिल्ड स्टेडियम एकदम अंगावर येतं. इथल्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबने 20 वेळा लीग आणि 6 वेळा युरोपचा चषक जिंकलाय, हे मी अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

कॉप स्टँडबाहेरचा ध्वजस्तंभ म्हणजे 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाची डोलकाठी. याच जहाजाने 1870 साली एडनची तार समुद्राखालून मुंबईशी जोडली. "मग आपलीच की!" म्हणत अण्णांनी फोटो काढून घेतला. कॉप हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीचं. तिथल्या 1900 च्या लढाईत जखमींना वाहून नेणाऱ्यांत गांधीजी होते. आणखी एक फोटो. परदेशात काहीतरी आपलं सापडल्याशिवाय आमच्या घरात कुणाचे तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत.

मैदानात उतरायच्या बोगद्यात 'धिस इज ॲनफिल्ड' अशी पाटी आहे. पाहुण्या संघाला धडकी भरावी म्हणून क्लबचे तेव्हाचे मॅनेजर बिल शँक्लींनी ती लावली. चषक जिंकेपर्यंत तिला हात लावायचा नाही, अशी तंबी पुढे मॅनेजर क्लॉपने आपल्याच खेळाडूंना दिली होती. कमीत कमी शब्दांत आल्यागेल्याचा अपमान करणारी पाटी पाहून सदाशिव पेठेतल्या अण्णांना प्रथमच इंग्रजांबद्दल आदर वाटला.

पण त्यांची कळी खरी खुलली ती गाईडने जॉन हाउल्डिंगचं नाव काढल्यावर. हा बिअरवाला या मैदानाचा मालक. भाडेकरू कोण, तर आज लिव्हरपूलचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेला एव्हर्टन क्लब! 1891 साली ते इथेच लीग जिंकले. मालकाने भाडं शंभर पौंडांवरून वाढवत अडीचशेवर नेलं. शिवाय मैदानात बिअर विकायची ती त्याचीच, आणि खेळाडूंनी कपडे बदलायचे तेही त्याच्याच हॉटेलात.

"योग्य आहे," अण्णा म्हणाले. "मग? कोर्टात गेले?"

"नाही अण्णा, 1892 मध्ये जागा सोडून गेले. स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे, गुडिसनला."

"आपण होऊन?" अण्णांचा विश्वास बसेना. त्यांच्या वाड्यातला भाडेकरू तिसऱ्या पिढीत आहे. भाडं मनीऑर्डरने येतं आणि मनीऑर्डरचा खर्च भाड्यातून वजा होतो.

"रिकाम्या मैदानाचं करायचं काय, म्हणून हाउल्डिंगने स्वतःचाच क्लब काढला. तोच हा लिव्हरपूल."

अण्णा उभे राहिले आणि रिकाम्या स्टँडकडे बघत त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. गाईडला वाटलं, म्हातारा जुना चाहता असणार.

"आणि ते एव्हर्टन?"

"तेही 2025 मध्ये नव्या स्टेडियममध्ये गेले, नदीकाठी. गुडिसनवर आता त्यांचा महिला संघ खेळतो."

अण्णांनी माझा दंड घट्ट धरला. "बघा जावईबापू, स्वतः नव्या ब्लॉकमध्ये आणि जुन्या जागेत घरच्या बायका! जागा सोडली, पण ताबा सोडला नाही. सगळे भाडेकरू सारखेच हो!"

गुडिसन एव्हर्टनच्या स्वतःच्या मालकीचं आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.