दुकानापुढल्या चुन्याच्या गोलास अनावृत पत्र

प्रति,
श्री. चुन्याचा गोल,
किराणा दुकानासमोर, मु. पो. नरडाणा, ता. शिंदखेडा, जि. धुळे

गोलआप्पा, सा. न. वि. वि.

आपण पावसाने आणि मोटरसायकलींच्या चाकांनी केव्हाच पुसले गेलात, पण आपल्या नावावरचा ठपका काही पुसला गेला नाही. करोनाचा विषय निघाला की पारावर अजून एकच निकाल लागतो: सरकारने गोल आखून दिले, पण आपल्या लोकांना शिस्तच नाही. हा निकाल आम्हाला मान्य नाही. तुम्हाला दुकानापुढे जागा दिली, वेळ मात्र दिला नाही. आणि वेळ आखडता घेतला की अंतर आपोआप आखडते. इतका साधा हिशेब मंत्रालयापासून तहसीलपर्यंत कोणी मांडला असेल, असे आदेश वाचून तरी वाटत नाही.

आदेश २०२१ च्या एप्रिलमधला. १८९७ साली प्लेगसाठी झालेल्या साथरोग कायद्याच्या आधाराने राज्य सरकारने ठरवले की २० एप्रिलच्या रात्री आठपासून किराणा, भाजीपाला, फळांची दुकाने फक्त सकाळी सात ते अकरा उघडी राहतील. गर्दी कमी व्हावी हा हेतू. आता समजा, एका दुकानात दिवसाला २४० गिऱ्हाइके येतात आणि एकेकाला तीन मिनिटे लागतात. दुकान बारा तास उघडे असेल तर तासाला वीस येतात, वीस जातात, रांग लागतच नाही. तेच दुकान चार तासांचे केले की तासाला साठ येतात आणि जातात मात्र वीसच. पहिल्या तासाअखेर चाळीस माणसे उभी; सहा-सहा फुटांनी उभी करायची तर रांग २४० फूट. अकरा वाजता शटर पडेल तेव्हा १६० जण रिकाम्या पिशव्या घेऊन परत. अशा वेळी माणूस पुढे घुसणार नाही तर काय करील? घरी पीठ संपलेले असते, आणि ते काही शासन निर्णय वाचून संपत नाही. त्यात खान्देशातला एप्रिल. अनेक गावांत लोकांनी गोलात चपला ठेवल्या, पिशव्या ठेवल्या, कोणी नुसता दगड ठेवला, आणि स्वतः भिंतीलगतच्या हातभर सावलीत खांद्याला खांदा लावून बसले. फोटो चपलांचा निघाला, हसू लोकांचे झाले.

यावर कोणी म्हणेल, घरपोच सेवेला रात्री आठपर्यंत मुभा होती की! होती. शहरातल्या सोसायट्यांना ती उपयोगी पडली असेल. पण आसपासच्या खेड्यांतून नरडाण्याला येणाऱ्या, रोजचे आणून रोज खाणाऱ्या घरी दहा रुपयांचे तेल आणि पाव किलो साखर पोचवायला कोणता दुकानदार मोटरसायकल काढणार? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. दिवसभर दुकाने उघडी ठेवली तर लोक उगाच हिंडतात, आणि पोलीस पुरे पडत नाहीत. उगाच हिंडणे थांबवायला कापड, भांडी, चहाच्या टपऱ्या बंद ठेवल्या होत्याच. त्याचा उपयोग झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मिठामिरचीची गरज घड्याळ लहान केल्याने लहान होत नाही, ती फक्त दाटते. आणि मोकळ्या रस्त्यावर रेंगाळणाऱ्यापेक्षा दुकानाच्या बोळकांडीत काउंटरला छाती लावून उभ्या राहिलेल्यांत विषाणू लवकर फिरतो, हे एव्हाना जगभर कळून चुकले होते. २०२० मध्ये चाचपडणे समजू शकते. वर्षभराने?

बरे, वेळ वाटून देण्याची युक्ती सरकारला ठाऊक नव्हती असेही नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये जनधन खात्यांवर महिलांना महिन्याचे पाचशे रुपये आले, तेव्हा खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून दिवस ठरवून दिले होते. शून्य-एकवाल्यांनी ३ एप्रिलला, दोन-तीनवाल्यांनी ४ ला, असे करत ९ पर्यंत. उत्तम व्यवस्था. तरी काही बँकांपुढे झुंबड उडालीच, आणि कारण कोणते? पैसे लवकर काढले नाहीत तर परत जातील, ही अफवा. म्हणजे माणूस अंतर मोडतो तो हाती काही लागणार नाही या धास्तीने. ती अफवा खोटी होती. अकराचे शटर मात्र खरे होते. रेशनकार्डाच्या शेवटच्या अंकावरून किराण्याचे दिवस आणि तास वाटून देता आले असते, आणि दुकान संध्याकाळपर्यंत उघडे ठेवता आले असते.

शिस्तीचे प्रवचन देणाऱ्यांनी एकदा गावाशेजारचा मुंबई-आग्रा महामार्गही आठवावा. २०२० च्या मे महिन्यात याच रस्त्याने मजूर पायी, सायकलींवर, ट्रकच्या हौद्यात उभे राहून सेंधव्याकडे गेले आणि बिजासनच्या सीमेवर हजारोंनी अडकले. पायी चालणाऱ्यांपाशी अंतर भरपूर होते. ज्यांना ट्रक मिळाला त्यांचे अंतर संपले, आणि त्यांना कोणी बेशिस्त म्हटले तर ऐकून घेणे कठीण आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक गिऱ्हाईक

ता. क. २०२१ च्या त्याच एप्रिलमध्ये लग्नालाही पंचवीस माणसे आणि दोन तासांची मर्यादा होती. मोडल्यास पन्नास हजार दंड. हा तासांचा हिशेब कोणी केला कोण जाणे. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या पारावरून मांडवात यायलाच दोन तास घेतो.